चौथं माप

विश्वास बसला नाही तर सोडून द्या. पण रचनाताई भूतबित मानणाऱ्यातल्या नाहीत. कल्याणच्या एका कॉलेजात त्या फिजिक्स शिकवतात. हे त्यांच्याच बाबतीत घडलंय.

१२ एप्रिल २०२३. कल्याणजवळचं दिवा. भरदुपारी पावणेतीन.

तिथल्या एका चार मजली बिल्डिंगच्या गच्चीवरून सोनल पडली. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. जागीच गेली. सासरचे म्हणाले, कपडे वाळत घालताना पाय घसरला.

पंचनाम्यात मात्र बॉडी भिंतीपासून नऊ फुटांवर.

सरकारी वकिलांनी रचनाताईंना विचारलं, घसरलेलं माणूस एवढं लांब पडतं का?

नाही पडत. ते भिंतीलगत पडतं. लांब पडायला धक्का लागतो.

तेच दाखवायला त्या वाळूचं लहानसं पोतं घेऊन गच्चीवर चढल्या. खाली टेप धरून सोनलचे वडील, देवराम. दुसरं कुणी यायलाच तयार नव्हतं. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. मापात कधी चूक नाही.

पोतं कठड्यावरून तीनदा घसरवलं.

"अडीच फूट, मॅडम!" देवराम खालून ओरडायचे आणि कागदावर लिहायचे. तिन्ही वेळा अडीच.

चौथ्यांदा ताईंनी पोतं उचलून पोटाशी धरलं...

आणि खाली उभ्या पाण्याच्या टँकरची मोटर ऐकू येईना. पोरांचा गलकाही.

मागे चपला फरफटल्या...

वळून पाहिलं. गच्ची रिकामी.

मग कुणीतरी अगदी खेटून गेलं... अंगावरून गार झुळूक गेली, कठड्यापलीकडे.

ताईंच्या डोक्यात सवयीने आकडे सुरू झाले. चाळीस फूट. दीड सेकंद.

धप्प...

बरोबर दीड सेकंदाने.

"नऊ फूट, मॅडम!" खालून आवाज आला. "पक्के नऊ!"

पोतं ताईंच्या हातातच होतं.

त्या धडपडत खाली आल्या. देवराम धुळीत उकिडवे बसलेले. समोर ताजा खळगा.

"पोतं कुठं गेलं, मॅडम?"

ताईंनी काखेतलं पोतं दाखवलं.

देवरामांनी त्या खळग्यावर हात ठेवला.

"काका, हे चौथं माप खोडूया. कोर्टात कोण मानणार?"

"नका खोडू." त्यांनी कागद छातीशी धरला. "माझ्या पोरीचं माप आहे ते."

कागद तसाच कोर्टात गेला.

सासरच्यांच्या वकिलाने नेमकं तेच पकडलं. "चौथ्यांदा पोतं फेकलंत का?"

"नाही."

"घसरवलंत?"

"नाही."

"मग नऊ फुटांवर काय पडलं, मॅडम?"

ताईंनी शपथ घेतली होती. खोटं बोलता येईना. खरं बोलल्या तर आधीची तीन मापंही हसण्यावारी जाणार.

त्या गप्प उभ्या राहिल्या. समोर बाकावर देवराम हात जोडून बसलेले.

बोला ना, मॅडम... त्यांचे डोळे म्हणत होते.

सासरचे सगळे सुटले.

निकालानंतर कोर्टाच्या पायऱ्यांवर देवरामांनी ताईंना गाठलं. रडले नाहीत. चिडलेही नाहीत. हळूच विचारलं,

"मॅडम, म्हणजे... ती अजून पडतेच आहे का हो?"

मला हे सांगताना रचनाताई इथेच थांबल्या.