नऊ नंबरचा दुहेरी टाका

"शेवटचं कोण?"

रांगेत येणाऱ्यानं हे विचारायचंच असतं. पण त्या दुपारी त्यानं विचारलं आणि बाकावर माझ्याशी वाद घालत बसलेले एवेलिओकाका ओरडले, "आपली टीम! सलग तिसऱ्या वर्षी!"

आइस्क्रीमची अख्खी रांग हसली. तो मात्र हसला नाही.

"मी," मी हात वर केला. "आता माझ्यामागे तुम्ही."

टोपी नाकापर्यंत ओढलेली. पण खांदे कसे लपवणार? आमच्या ग्वासिमा गावाच्या बेसबॉल टीमचे शर्ट आमच्याच शिवणघरात होतात, आणि नऊ नंबरचा मी आदल्याच दिवशी हातावेगळा केला होता. डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली... ओस्मेल. गेल्या हंगामातल्या शेवटच्या सामन्यात ज्याच्या पायांमधून चेंडू निसटला, तो. मी ओळख दाखवली नाही.

"मघाशी काकांशी कशावरून जुंपली होती?" त्यानं विचारलं.

"टीमवरून. हंगामाला तीन आठवडे उरलेत, दुसरं काय बोलणार?"

"मग... कसं काय वाटतंय यंदा?"

"खरं सांगू? चेंडू टाकणारे दोनच, त्यातल्या एकाचा गुडघा दुखतो. मागे झेलणाऱ्याला जुळं झालंय, तो उभ्याउभ्या झोपतो."

"आणि नऊ नंबर?" टोपीखालचा आवाज जरा हळू झाला.

"डाव्या अंगाला आलेला चेंडू तो घाबरत घेतो. आधी असा नव्हता. आधी झेप घ्यायचा ना, तेव्हा माझा श्वास अडकायचा."

"काढून टाकायला हवं त्याला."

"तोंड सांभाळून बोला हं! त्याला शिव्या द्यायचा हक्क फक्त आमचा."

आता तो हसला. मग टोपी काढली. डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं होती.

"तो मीच आहे."

"माहितीये. खांद्यांवरून कळलं."

तो बघतच राहिला. माझे कान तापले, उगाचच.

"जरा जागा धराल?" तो रस्त्यापलीकडच्या स्टेडियमकडे बघत म्हणाला. "मॅनेजरना सांगून येतो... यादीत माझं नाव घालू नका म्हणून. राजधानीत चुलतभाऊ टायरचं काम करतो, तो बोलावतोय. पाचच मिनिटं लागतील."

 तो गेला, तर कातर घेऊन तो नऊचा आकडा मलाच उसवावा लागणार होता.

"धरते," मी म्हटलं. "पण ज्याच्यासाठी जागा धरली, त्यानं परत यायचं असतं."

तो गेला. पाचाची वीस मिनिटं झाली. रांग पुढे सरकली, खिडकी आली.

"इदाल्मिस, बोल लवकर! पेरूचं संपत आलंय!" खिडकीतली मायलिन ओरडली.

"यांना दे आधी," मी बाजूला झाले. मग मागच्या बाईला. मग तिच्या मागच्या दोघांना.

"वेड लागलंय पोरीला," एवेलिओकाका म्हणाले. "त्या टीमपायी लागलंय."

असेल. अकरा वर्षं मी या टीमवर चिडतेय. ज्याच्यावर आशाच नाही त्याच्यावर माणूस चिडत नाही, एवढं मला तेवढ्या काळात कळलंय. आणि त्या दुपारी मी ओस्मेलवर फार म्हणजे फारच चिडले होते.

खिडकी बंद झाली. रांगेत मी एकटीच उरले.

तेवढ्यात तो रस्ता ओलांडून धावत आला. गुडघे लाल मातीनं माखलेले, कोपराला खरचटलेलं.

"सांगितलंत?" माझा आवाज मलाच परका वाटला.

"सांगायला गेलो होतो. पण तोंडातून भलतंच आलं. म्हटलं, डाव्या अंगाला शंभर चेंडू मारा." त्यानं धाप टाकली. "चाळीस सुटले."

"म्हणजे साठ पकडलेत!"

"तुमचं आइस्क्रीम?"

"संपलं. जागा धरली होती ना."

तो बंद खिडकीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. "मला आइस्क्रीम आवडत नाही, इदाल्मिस."

"मग रांगेत कशाला...? आणि माझं नाव?"

"नाव मघाशी रस्त्यापलीकडे ऐकलं, खिडकीतून कुणी तरी ओरडलं तेव्हा. आवाज मात्र जुना आहे. चेंडू निसटला त्या दिवशी सगळं स्टेडियम शिट्ट्या मारून हुर्यो उडवत होतं आणि एकच बाई ओरडत होती, 'ऊठ गाढवा, पुढचा चेंडू येतोय!'" तो थांबला. "आज तोच आवाज काकांशी भांडताना ऐकला. जायच्या आधी एकदा जवळून ऐकावा, म्हणून रांगेत उभा राहिलो."

मला रडू आलं, आणि हसूही.

"तुझ्या शर्टावरच्या नऊला दुहेरी टाका घातलाय मी," मी म्हटलं. "बाकी सगळ्यांना एकेरी."

"का?"

"सहज उसवता येऊ नये म्हणून."

 तो माझ्यामागे येऊन उभा राहिला, बंद खिडकीसमोर, त्याच्या जागेवर.