मसीनाच्या आधी आत कोण गेलं?

"तीन केंद्रांत गेले, तिन्ही ठिकाणांहून परत पाठवलं," मसीना लेओता म्हणाली आणि नारळाच्या दुधात भाजलेल्या पावांचा डबा तिने काउंटरवर ठेवला. "पाव मात्र सगळ्यांनी ठेवून घेतले."

काउंटरपलीकडे लोसालिनी होती. फिजीच्या पोलिसांत उभी हयात घालवून निवृत्त झालेली, आणि आता सिडनीच्या पश्चिमेकडच्या या मोफत कायदा केंद्रात येणाऱ्यांची नोंद करणारी. गुडघे थकले होते, पण चौकशीची खोड काही गेली नव्हती.

मसीनाची अडचण वरवर साधी दिसत होती. सरकारी घर नवऱ्याच्या नावावर, आणि नवरा नुकताच वारलेला. लग्न झाल्यापासून ती त्याच घरात राहत होती, तरी घर सोडावं लागेल असं तिला कळवण्यात आलं होतं. उद्या सकाळी न्यायाधिकरणापुढे सुनावणी. इंग्रजी तिला जेमतेम बोलता येत होतं, वाचता मुळीच येत नव्हतं. वकिलाशिवाय गेली असती, तर घर हातचं गेलंच म्हणायचं. मग या वयात तिने कुणाच्या दारात जायचं?

लोसालिनीने आधी पत्ता विचारला, कारण ही केंद्रं आपल्या भागातल्या गरिबांनाच घेतात. मग दोन नावं विचारली. तिचं, आणि भांडण ज्याच्याशी आहे त्याचं. मसीनाने गृहनिर्माण खात्याचं नाव सांगितलं. दोन्ही नावं जुन्या नोंदींशी ताडून पाहिली, काही आडवं आलं नाही.

"त्या तिघांनी कारण काय दिलं?"

"काहीच नाही. नाव सांगेपर्यंत छान हसत होते. मग म्हणाले, माफ करा, तुमचं काम घेता येणार नाही. का, तेही सांगता येणार नाही. तिघंही तेच बोलले."

लोसालिनी लिहायची थांबली. वकील कमी आहेत, गर्दी फार आहे, ही कारणं केंद्रं खुशाल सांगतात. तोंड मिटून बसतात ते एकाच वेळी, भांडणातली दुसरी बाजू आधी येऊन सल्ला घेऊन गेली असेल तेव्हा. एका केंद्राने दोन्ही बाजूंना सल्ला द्यायचा नसतो. आधी कोण आलं होतं, हेही कुणाला सांगायचं नसतं.

पण खात्याकडे स्वतःचे वकील ढिगाने. ते इथे फुकटच्या रांगेत कशाला उभं राहतील? म्हणजे मसीनाच्या विरुद्ध आणखी कुणीतरी होतं, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. लोसालिनीला खुर्चीत बसवेना.

"घरावर आणखी कुणाचा डोळा आहे का?"

"लुपेचा. माझ्या नवऱ्याची पहिल्या बायकोची मुलगी." मसीनाचा आवाज चढला. "बापाच्या अंत्यविधीत मानाच्या चटया कुणाला द्यायच्या त्यावरून चार माणसांत माझ्याशी भांडली. ब्रिस्बेनला परत गेली, त्यानंतर साधा फोन नाही."

आतल्या खोलीतून वकीलबाई डेस्पिना डोकावली आणि म्हणाली की हीच असणार. लोसालिनीने मान डोलावली नाही.

"खात्याचे कागद कुठे आहेत?"

"सेफोकडे. माझ्या नवऱ्याचा भाचा. तोच वाचून सांगतो, तोच गाडीतून नेतो. एवढी धावपळ पोटचा मुलगा करणार नाही." तिचा चेहरा उजळला. "मला गाडीत बसवून आधी तो आत जायचा, माझा नंबर लावायला. आमच्यात वडीलधाऱ्यांनी काउंटरपाशी ताटकळायचं नसतं. पोरं पुढे होऊन बोलतात."

"नंबर लावायला वेळ लागायचा?"

"खूप. माझा तर गाडीत डोळा लागायचा."

आज सेफो कामावर होता. शेजारणीने या केंद्राचं नाव सांगितलं म्हणून मसीना एकटीच बसने आली होती; निघताना सेफोला तेवढं कळवलं होतं. ती हे सांगत असतानाच तिचा फोन वाजला. दोन वाक्यं बोलून तिने तो खुशीत बंद केला.

"सेफोच होता. काम टाकून निघालाय बिचारा. म्हणतो, तू बसस्टॉपवरच थांब, मी नंबर लावून तुला घ्यायला येतो. आत पोचलेय हे सांगायच्या आत ठेवलाच त्याने."

लोसालिनीने तिला घाईघाईने डेस्पिनाच्या खोलीत नेऊन बसवलं आणि दार अर्धवट उघडं ठेवलं. मग ती काचेपाशी येरझाऱ्या घालू लागली. बाहेर ऊन भाजत होतं. आपला अंदाज चुकला तर एका भल्या पोरावर आळ घेतल्यासारखं होईल, हे तिच्या मनाला लागून राहिलं होतं.

नारिंगी जाकिटातला तरुण धावतच आत आला.

"मावशी, वकिलांना भेटायचंय. जरा पटकन होईल का?"

"नाव?"

"सेफो. इओसेफो तामासेसे."

"आणि भांडण कुणाशी?"

त्याने मागे दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मसीना लेओता."

आतली खुर्ची सरकली. मसीना दारात येऊन उभी राहिली. सेफोच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"लुपेचा संशय मला आला नाही," लोसालिनी म्हणाली, "कारण ही केंद्रं आपल्या भागातल्यांनाच घेतात, दूरच्या ब्रिस्बेनच्या बाईला दारातच अडवतात. तीनही ठिकाणी मसीनाताईंच्या आधी पोचणारा एकच माणूस होता, त्यांना तिथे नेणारा. आणि नंबर लावायला एवढा वेळ लागत नाही, सेफो. सल्ला घ्यायला लागतो. मामाची सेवा करायला तू त्या घरात राहत होतास, म्हणून घर तुला मिळावं, असंच खात्याला सांगितलं असणार. मामी वकिलापर्यंत पोचू नये म्हणून प्रत्येक केंद्रात स्वतःचं नाव आधी लावलंस. त्यांना संशय येणार नव्हता. तुमच्यात पोरंच पुढे होतात ना?"

सेफोने सगळे कागद काढून काउंटरवर ठेवले.

"पहिल्या ठिकाणी खरंच माझ्यासाठी विचारायला गेलो होतो, मामी. नंतर त्यांनी तुला परत पाठवलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझं नाव आधी लागलं की तुला वकील मिळत नाही." त्याने मामीकडे पाहिलं. "मित्राच्या गॅरेजमध्ये राहतोय आम्ही. धाकटी रात्रभर खोकते. सरकारी घराच्या यादीत नाव घालून वर्षं झाली."

"मला विचारलं असतंस तर?"

माफी मागण्यासाठी तो तिच्यापुढे जमिनीवर बसला आणि त्याने मान खाली घातली. मसीनाला त्याची कीव आली आणि रागही आला, आणि दोन्ही तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

डेस्पिना कागद चाळत होती; मामाच्या घरात राहत असल्याचा सेफोचा अर्ज त्यांतच होता. मसीना तिच्याकडे वळली.

"घर माझ्या नावावर झालं, तर त्यात कुणाला ठेवायचं ते मी ठरवू शकते का?"

"खात्याला कळवून, हो."

"मग नीट लिहून घे. उद्या मी सगळ्यांसमोर सांगणार, हा माझ्या घरात एक रात्रही राहिलेला नाही." मग ती भाच्याला म्हणाली, "आणि सुनावणी झाली की तुझ्या बायकोला आणि पोरांना माझ्याकडे आणून सोड. तू गॅरेजमध्येच रहा."