प्रेतानंतरचा शब्द

स्मरणशक्तीची चाचणी तशी पोरखेळच होती. कानाला हेडफोन लावायचे, चाचणी घेणाऱ्या मॅडमच्या आवाजात एकामागून एक शब्द ऐकायचे आणि लगेच आठवतील तेवढे म्हणून दाखवायचे. दोरी, बादली, कंदील असले साधे शब्द. मधेच एक अंगावर येणारा शब्द: प्रेत. तो सगळ्यांना आठवायचा, त्याच्या पाठचा मात्र बहुतेकांच्या डोक्यातून निसटायचा. मन दचकून तिथंच अडकतं, पुढच्याला जागा उरत नाही, असं मॅडम समजावून सांगायच्या. त्यात नवल काहीच नव्हतं.

प्रेतामागचा शब्द मॅडम दर आठवड्याला बदलायच्या. त्यांच्या घरी मात्र वेगळंच सुरू झालं. प्रेतानंतर ‘उशी’ लावली त्या आठवड्यात धाकट्या बहिणीने सकाळी विचारलं, "ताई, उशी जमिनीवर टाकून अशी काय झोपलीस? मान धरेल." मॅडमनी खाली पाहिलं. कापूस भरलेली ती पांढरी पिशवी कशासाठी असते, हे त्यांना काही केल्या आठवेना. पुढे ‘छत्री’ लावली, तेव्हा त्या भर पावसात चिंब भिजून आल्या. छत्री हातातच होती, मिटलेली.

धाकटी पोट धरून हसली, पण तिच्या डोळ्यांत काळजी होती. "ती चाचणी तुझ्यावरच उलटतेय. बंद कर."

"खुळी आहेस का? कामाचा ताण आहे, दुसरं काही नाही."

"मग पुढच्या वेळी ‘बहीण’ लाव. बघू विसरतेस का."

"तुला विसरता आलं असतं तर कधीच सुटले असते," मॅडम म्हणाल्या.

दोघी खूप हसल्या. आई गेल्यापासून घरात त्या दोघीच होत्या, आणि धाकटीशिवाय मॅडमचं पान हलत नव्हतं. म्हणूनच त्यांना ते पटलं. हा शब्द कोण पुसणार? तो टिकला की या भुताटकीचा एकदाचा सोक्षमोक्ष लागेल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो शब्द रेकॉर्ड केला. चाचणीला एक निवृत्त मास्तर आले होते. ऐकून झाल्यावर ते बोटांवर मोजू लागले. "दोरी, बादली, कंदील, प्रेत..."

"पुढे?" मॅडमची छाती धडधडत होती.

"पुढे काहीतरी होतं बघा. गेलं."

"नीट आठवा. घरातलंच आहे. आठवा ना, मास्तर."

असं सुचवणं नियमात बसत नव्हतं. मास्तर बावरले. "तुम्हीच सांगा की. काय होतं?"

मॅडमनी तोंड उघडलं.

मग मिटलं.

"काही नाही. या तुम्ही," त्या म्हणाल्या. छाती एवढी का धडधडतेय, तेच त्यांना कळेना.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी दाराला आतून कडी लावली आणि चहा टाकला. बाहेर पावलं वाजली. कुलपात किल्ली फिरली. दार हललं, पण उघडलं नाही.

"ताई, कडी कशाला लावलीस गं? उघड."

मॅडमनी गॅस बंद केला. दाराशी जाऊन विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?"

बाहेरची बाई खळखळून हसली. "पुरे झाली थट्टा. उघड आता."

मॅडमनी वरचा बोल्टही सरकवला.

"या घरात मी एकटीच राहते," त्या म्हणाल्या.

बाहेरचं हसू हळूहळू थांबलं.