डाळिंब कोणी कुणाला दिलं?

"...तात्पर्य काय, तर कुणाचं भलं करायला जाऊ नये!" मी ठासून सांगितलं, आणि घोळक्यातून कुणीतरी खुदकन हसलं.

सिडनीतल्या एका छोट्या म्युझियममध्ये मी दर रविवारी हौशी गाइड असते. तेव्हा जुन्या इराणी हस्तलिखितांचं प्रदर्शन होतं. सोनेरी कडा, नखाएवढी माणसं आणि प्रत्येक चित्रात एक बोधकथा. माझं लाडकं एक जोडचित्र होतं. डाव्या पानावर फाटक्या कपड्यांतल्या तरुणाला एक कुंभार डाळिंब देतोय. उजव्या पानावर तोच तरुण राजपुत्राच्या थाटात कुंभाराला बागेतून हाकलतोय. मेला कृतघ्न! ऐकून ऑस्ट्रेलियन आजोबा हिरमुसायचे, टूनगॅबी भागातल्या मराठी काकू मात्र "अगदी खरं गं बाई" म्हणायच्या.

मी जीव ओतून सांगायचे, कारण युनिव्हर्सिटीत माझ्या बॉयफ्रेंडच्या, राघवच्या, सगळ्या असाइनमेंट्स मी लिहून दिल्या होत्या. डिग्री हातात पडताच त्याने मला टाटा केला.

हसणारा होता सलिल. मूळचा पुण्याचा, आता ट्रेनने दीड तासावरच्या वॉलॉंगॉंगच्या हॉस्पिटलमध्ये फिजिओ. पुढच्या रविवारी तो परत आला... त्याच्या पुढच्याही.

"गोष्ट पाठ झाली असेल तुझी," मी म्हटलं.

"गोष्ट झाली. गाइड अजून पाठ व्हायचीय."

"किती चीझी!"

"कॉफी?"

"तात्पर्य ऐकलंस ना? नाही."

असे दोन-तीन नकार झाले. तरी रविवारी कुर्ता निवडायला मला तासभर लागू लागला. पाचवा रविवार प्रदर्शनाचा शेवटचा. यानंतर त्याला यायला निमित्त उरणार नव्हतं. तो हवा होता मला, पण पुन्हा कुणावर जीव टाकायची भीती वाटत होती.

टूर संपली. लोक पांगले. सलिल चित्रापाशीच घुटमळत होता.

"एक सांगू? चिडशील."

"सांग."

"फारसी उजवीकडून डावीकडे वाचतात, मयूरा. पानंसुद्धा."

मी चित्राकडे पाहिलं. राजपुत्र कुंभाराला आधी हाकलतो. मग स्वतःच उपाशी, फाटक्या कपड्यांत फिरतो... आणि तोच कुंभार त्याच्या हातात डाळिंब ठेवतो. खाली पाटीही होती. ती वाचायची मला गरजच वाटली नव्हती!

माझे कान तापले. "तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं?"

"म्हणून तर हसलो."

"मग बोलला का नाहीस?"

"इतक्या रागाने सांगत होतीस... वाटलं, हिला कुणीतरी फार दुखावलंय. नंतर वाटलं, तू खट्टू होऊन टूरच सोडलीस तर? मी कुणाला बघायला येऊ?" त्याने मान खाली घातली. "मला तू आवडतेस. फार. बस, एवढंच. पाचची ट्रेन आहे माझी."

खरं तर मला चिडायचं होतं, पण हसूच फुटलं. एका राघववरचा राग मी पाच रविवार अख्ख्या सिडनीला तात्पर्य म्हणून वाटत होते!

तो दारापर्यंत पोचला होता.

"सलिल! पाचची सोड."

"आणि?"

"सहाची असते ना?"

"असते की."

"तीही सोड," मी म्हटलं, आणि धावत जाऊन त्याचा हात धरला.