नमुन्याची ओळ

"अहो, खाली उतरा! माझे कोपरे कुणी खाल्ले?"

चपलांच्या नव्या दुकानासमोर मी भर दुपारी ओरडले. शिडीवर चढून पाटीवाला पाटी लावत होता, आणि पाटीवरची अक्षरं माझी होती... दीड वर्ष खपून आखलेली. जाड, टोकदार, गोलाई औषधालाही नाही, अनुस्वारसुद्धा चौकोनी. फॉन्ट पुरा व्हायच्या आत मिळालेलं हे पहिलंच गिऱ्हाईक, आणि या पाटीवाल्यानं प्रत्येक टोक घासून गुळगुळीत केलेलं!

"पाटी पुसणाऱ्याचा हात फाटतो, काटकोनबाई," तो वरूनच म्हणाला. आणि हसला, मेला.

भांडायला म्हणून त्याच्या कारखान्यात गेले, ती जातच राहिले. अक्षरं पारखायला मी नमुन्याचा मजकूर धाडायचे, तो मशीनवर उलटा लावून अ‍ॅक्रिलिकमध्ये कापायचा.

"काय कापता ते वाचता तरी का हो?"

"छे! वाचत बसलो की हात चुकतो. मला नुसत्या आकृत्या दिसतात... आणि त्या काढणारी."

मी लाजले, आणि त्याच्या उत्तरातलं पहिलं वाक्य साफ विसरले. शहाणीच मी!

एकदा त्याच्या तीन बोटांना पट्ट्या दिसल्या. "मशीन टोक खातं," तो खाली बघत म्हणाला, "म्हणून तुमच्यासाठी... हातानं कानस चालवली." माझा निकाल तिथेच लागला. मला तो आवडायला लागला होता, पण सांगायला जीभ रेटेना. शेवटी पुढच्या नमुन्यात लिहून धाडलं – ‘तुम्ही मला आवडता. पुढचं तुम्ही बोला.’

दोन दिवसांनी त्यानं अक्षरं कागदात गुंडाळून दिली.

"कशी वाटली... ओळ?"

"छान. फक्त ‘ड’चं टोक नाजूक आहे. जाड करा, मोडेल."

"इतकंच?"

"इतकंच की!"

नकार द्यायची काय ही सभ्य तऱ्हा! मी ‘ड’ जाड केला आणि तिथे जाणं सोडलं. रात्ररात्र रडले, तेही इथे सांगून टाकते.

चार महिन्यांनी फॉन्ट बाजारात आला. त्याला पहिला छापील नमुना द्यायला मन घट्ट करून गेले. खिडकीत उन्हाला आडोसा म्हणून एक शीट लावलेलं होतं – अक्षरं कापून उरलेलं. जमिनीवर उन्हात माझी ओळ पडली होती.

"हे... इथे?"

"तुमचं शेवटचं काम. टाकवेना."

"वाचलंत कधी?"

"नमुन्यात वाचायचं काय..." तो वळला. ओठ हलवत एकेक शब्द वाचला. हातातली कानस खाली ठेवली. "तोंडानं का नाही सांगितलंत?"

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

"सांगणार होतो. तुम्ही यायच्याच थांबलात. मला वाटलं, ‘ड’चा राग आला." त्यानं कानस पुन्हा उचलली. "गेल्या रविवारी ताईनं लग्न ठरवलं माझं. मी... हो म्हटलंय."

पुढचं तुम्ही बोला, असं मीच लिहिलं होतं. तो बोलला होता.

मी नमुना टेबलावर ठेवला. तो शीट काढायला खिडकीशी गेला.

"टाकायच्या आधी टोकं घासा," मी दारातून म्हटलं. "उचलणाऱ्याचा हात फाटतो."