सत्तर आणि एकशे दहा

"मेला आरसा आज पुन्हा फिरला."

चारुलता पुटपुटली, पण शेजारच्या ओट्यावर अच्युतच्या अगदी कानाशी. अच्युत चहात बुडाला होता. त्याची थोरली बहीण सुलोचनाताई मात्र हरवलेल्या कुकरच्या शिट्टीपासून पळालेल्या भाडेकरूपर्यंत सगळं शोधून देणारी.

"कुठला आरसा?" ताईंनी विचारलं.

चारुलतानं आवाज उतरवला. नवरा पांडुरंग गिरणीतला फिटर, डावं अंग गेल्यानं अंथरुणाला खिळलेला. उशाशी भिंतीत बिजागरीवर आरसा होता. त्यात त्याला पडल्यापडल्या गल्ली दिसे. गिरणी बंद झाल्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, धक्का नको. तो दुपारी झोपला की चारुलता मागच्या पडवीत रेडिमेडवाल्यांच्या शर्टांना काज-बटण करी.

"कोणीतरी आरसा बरोबर पडवीकडे वळवतं, ताई. ते उठायच्या आत मी सरळ करते म्हणून बरं. आमचा पोरगा सुजयच असणार. त्याला बाबांना सांगून टाकायचंय."

"हवा असेल, वहिनी," अच्युत म्हणाला. "नाहीतर मांजर."

तिघं चारुलताच्या घरात गेली, तर सुजय वैतागलाच. "मी कशाला वळवू, आत्या? उलट मीच दोन दिवस कोनमापक लावून बघतोय. दोन्ही दिवस एकशे दहा अंश."

"सत्तर," पलंगावरून आवाज आला.

"बाबा, एकशे दहा. दाराकडून मोजलाय मी."

"सत्तर." डोळे मिटलेलेच.

अच्युतला गलबलून आलं. गिरणीच्या भोंग्यावर अख्खी गल्ली भात टाकायची, तेव्हा हा माणूस नुसत्या नजरेनं माप सांगायचा. "जाऊ दे ना भिया," तो सुजयला म्हणाला, "आजारी आहेत."

सुलोचनाताईंनी भिंतीवर तळवा फिरवला.

"भिंत सरळ. सरळ रेषेचे अंश एकशे ऐंशी. मध्ये आरसा उभा राहिला की त्यांचे दोन वाटे पडतात. दाराकडे एकशे दहा, तर उशीकडे?"

"सत्तर," अच्युत म्हणाला.

"दोघंही बरोबर. हवा रोज एकाच मापावर थांबत नाही, अच्युत. मांजरही नाही. आणि उशीकडून मोजणार कोण? उशीवर डोकं असलेला. वहिनी, ते उठायच्या आत तुम्ही आरसा सरळ करता ना? मग झोपलेल्या माणसाला तो किती वळतो ते कळलं कसं?"

चारुलतानं शर्टांचं गाठोडं पायानं दाराआड सारलं.

पांडुरंगनं डोळे उघडले. उजवा हात लांबवून त्यानं आरसा वळवला. आरशात रिकामी पडवी आली.

"तिथं उजेड नाही. रोज सुई डोळ्याशी नेतेस," तो म्हणाला. "ते गाठोडं इथं खिडकीपाशी आण. गिरणी बंद पडलीय, चारू."