नावडतीचं झाकण

पंखा हाताने फिरवताना मध्ये थांबायचं नसतं. केतकी सोनटक्के तो सावकाश, एकाच दिशेने फिरवत होती आणि इंजिनाच्या ढेकरेची वाट बघत होती.

शुभ्रतळ हे हिमालयापलीकडच्या थंड वाळवंटातलं संशोधन केंद्र. तिथल्या हँगरमध्ये रोज सकाळी हा सोहळा चाले. आधी छोट्या विमानाच्या नाकावरची उष्णदुलई काढायची, म्हणजे गरम तारा विणलेली जाडजूड रजई. मग शीतकाचं झाकण उघडून आतल्या द्रवाची पातळी बघायची. शीतक म्हणजे इंजिनातून तापून आलेला द्रव थंड करणारी जाळी. केतकीच्या बोटांनी घासून घासून ते पितळी झाकण आरशासारखं झालं होतं. मग पंखा. रात्रभर इंजिनाच्या तळाशी साचलेलं तेल टाकीत परत गेलं, की टाकी 'गुडुक' करून ढेकर देते. त्याआधी इंजिन सुरू करायचं नाही, मग आभाळ कोसळू दे.

आज ते कोसळलंच होतं.

"केतके, झाली का तुझ्या लेकीची न्याहारी?" ब्रिजिट लोपीस हेल्मेट काखेत मारून आत आली. वैमानिक, वसईची, आणि थंडीला रोज नव्याने शिव्या देणारी. पण आज तिचा आवाज थट्टेला साथ देत नव्हता. "वरच्या छावणीतून मीनलचा परत निरोप आलाय. सरांचे ओठ निळे पडलेत. प्राणवायूचं शेवटचं नळकांडं लावलंय. दुपारपर्यंत पुरलं तर पुरलं."

केतकीचे हात फिरतच राहिले. सर म्हणजे डॉ. हणमंत तावरे. वरच्या हिमछावणीत ते बर्फाचे नमुने घ्यायला गेले आणि रात्रीत त्यांच्या फुप्फुसांत पाणी भरू लागलं. उंचीचा आजार. औषध एकच, माणसाला खाली आणणं. दरीत धुकं इतकं की सपाटीवरून हेलिकॉप्टर निघेना, आणि दुपारनंतर खिंडीत जो वारा सुटतो त्यात गिधाडंसुद्धा पंख मिटून बसतात. उरली शुभ्रतळाची दोन विमानं. खरं म्हणजे एकच.

कारण केंद्रातल्या लोकांनी त्यांना नावंच तशी ठेवली होती. एक आवडती, एक नावडती. आवडती केतकीची. रोज पुसलेली, रोज तपासलेली. नावडती एकदा आडवीतिडवी उतरली आणि तेव्हापासून उडताना थरथरायची, म्हणून तिची रवानगी हँगरच्या कोपऱ्यात. आठवड्यातून एकदा ब्रिजिटने तिचं इंजिन थोडा वेळ चालवायचं आणि तिची सगळी तपासणी करायची, असं ठरलं होतं. केतकीने विचारलं की ब्रिजिट म्हणायची, "केली गं बाई, केली."

गुडुक.

"आली," केतकी म्हणाली. "बस आत."

आवडती पहिल्याच झटक्याला सुरू झाली. शहाण्या मुलीसारखी. ब्रिजिटने अंगठा वर केला. आणि तेवढ्यात खिडकीतून केतकीची नजर आतल्या तापकाट्यावर गेली.

काटा चढत होता. हे ठीक. पण तो थांबतच नव्हता. रोज जिथे रेंगाळायचा तिथून तो तसाच पुढे गेला, पिवळ्या पट्ट्यात शिरला आणि लाल पट्ट्याकडे सरकू लागला.

"बंद कर," केतकी म्हणाली. "ब्रिजिट, बंद."

पंखा थांबला. हँगरमध्ये एकदम इतकी शांतता झाली की पत्र्यावरचं बर्फ सरकताना ऐकू आलं. केतकीने हातमोजा काढून शीतकाकडे जाणाऱ्या वरच्या नळीला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. मग खालच्या नळीला लावला. ती बर्फासारखी गार.

"द्रव फिरत नाहीये," ती म्हणाली. "मध्येच अडलाय."

"गोठला असेल थंडीने."

"शीतकातला हा साकळद्रव थंडीने गोठत नाही. तो गोठतो ते..." आणि केतकी थांबली. पुढचे शब्द तिच्या जिभेवर आले, पण ते खरे असतील असं तिला वाटेना. ती बिनतारी यंत्राकडे धावली.

साकळद्रव हा तावरे सरांचाच शोध. पूर्वी कडाक्याच्या थंडीत रबरी नळ्या तडकायच्या, शीतद्रव गळून जायचा आणि इंजिन हवेतच भाजून निघायचं. अशाने एक विमान खिंडीत पडलं, त्यात दोघं गेले. त्यानंतर सरांनी हा द्रव बनवला.

"सर, केतकी बोलतेय. साकळद्रव कशाकशाने साकळतो, ते मला परत सांगा. अगदी पहिल्यापासून."

पलीकडून आधी नुसता श्वास आला. पाण्यातून बुडबुडे यावेत तसा. मग सरांचा आवाज. "परीक्षा... घेतेस होय माझी?"

"हो सर."

"रक्तासारखं आहे ते. जखम झाली... की रक्त साकळतं. या द्रवाला हवा लागली, की त्यातल्या साखळ्या... एकमेकींना धरतात. नळीला भेग पडली, तिथे हवा. तिथेच गाठ. भेग बुजली."

"आणि हवा नसेल तर?"

"तर वर्षानुवर्षं... पाण्यासारखा. थंडीचा संबंध नाही. उष्णतेचा नाही. फक्त हवा. म्हणून तर भरताना... हवा काढून भरला होता."

"साकळलेलं परत पातळ करता येतं?"

"शरीराला येतं. मला..." एक लांब खोकला. "मला अजून जमलेलं नाही."

मग मीनल गावितचा आवाज आला. वरच्या छावणीत सरांसोबत ती एकटीच होती. "केतकीताई, त्यांना बोलवू नका आता. तुम्ही या फक्त. लवकर."

"निघतोच," केतकी म्हणाली. हे खोटं होतं, आणि तिघींनाही ते कळलं.

ती परत आली ती सुरी घेऊनच. झाकणाखालून शीतकात जाणारी आखूड नळी तिने खालून-वरून आवळली, कापली आणि उजेडात धरली.

नळीत भोकच उरलं नव्हतं. आत कांद्यासारखे पापुद्रे होते, एकावर एक, एकावर एक, नखाने सोलता येतील इतके पातळ. सगळ्यात आतला पापुद्रा रात्रीच्या थंडीत सुटून आडवा झाला होता आणि उरलीसुरली वाट त्याने बंद केली होती. शीतकाच्या बारीक वाहिन्यांतही तेच. नवा शीतक बसवायला दिवस लागला असता, आणि साकळद्रवाच्या राखीव पिशव्या रस्ता उघडल्यावर उन्हाळ्यात येणार होत्या.

"म्हणजे नळी फुटली होती?" ब्रिजिटने विचारलं.

"नळी धड आहे. बाहेरून एक ओरखडा नाही." केतकी पापुद्रे सोलत होती. "आणि एक भेग पडली असती तर एक जाड गाठ झाली असती. हे तसं नाही. हे थोडं थोडं झालंय. जरा हवा, एक पापुद्रा. परत जरा हवा, परत एक पापुद्रा."

"दुधावर रोज साय धरावी तशी."

"हो, रोज..."

केतकी थबकली. तिने कापलेल्या नळीकडे पाहिलं. नळी जिथे संपत होती तिथे वर पाहिलं. तिथे तिचं लाडकं पितळी झाकण होतं, हँगरभर चमकणारं.

रोज सकाळी ती ते उघडत होती. रोज आत मूठभर हवा जात होती. पातळी बघून, समाधानाने ती झाकण घट्ट लावायची आणि ती हवा आत कोंडायची. मग आत, अंधारात, साय धरायची. दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू झालं की ती साय नळीत ओढली जायची आणि भिंतीला चिकटायची. दोन हिवाळे. एक दिवस चुकला नव्हता.

"मी केलंय हे," ती म्हणाली. "रोज झाकण उघडून."

"अगं, नियमावलीत लिहिलंय ते. रोज पातळी पाहावी."

"ती ओळ जुन्या शीतद्रवाची आहे. सरांनी द्रव बदलला, ओळ तशीच राहिली. कुणाच्या लक्षात नाही आलं. माझ्याही नाही." तिचे डोळे भरून आले आणि तिला स्वतःचाच राग आला, कारण रडायला वेळ नव्हता. "ब्रिजिट, नावडती. तिचं झाकण शेवटचं कधी उघडलंस?"

ब्रिजिट ताठ झाली. दोन वर्षं हा प्रश्न ती चुकवत आली होती आणि त्याचं उत्तर तिला पाठ होतं. "दर आठवड्याला. अगदी नेमाने."

केतकी खोक्यावर बसली. "मग संपलं. तिच्यातही हेच असणार. पापुद्रे कमी असतील, पण खिंडीची चढण तिला झेपायची नाही."

ब्रिजिटने हेल्मेट एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं. हँगरच्या छताकडे पाहिलं. जमिनीकडे पाहिलं.

"केतकी, तू ओरडणार नसशील तर एक सांगू?"

"आता कशाला ओरडू?"

"नाही उघडलं. कधीच. एकदाही नाही. बोटं गोठतात गं, आणि त्या द्रवाचा तो वास. इंजिन चालवायचे, पण झाकणाला हात लावला असेल तर माझी जीभ झडो."

केतकी उठली. तिने ब्रिजिटच्या तोंडाकडे पाहिलं, पण मघाशी याच तोंडाने 'अगदी नेमाने' म्हटलं होतं. म्हणून ती सरळ कोपऱ्यात गेली, आच्छादन ओढून काढलं आणि नावडतीच्या नाकावर विजेरी मारली.

झाकण दिसतच नव्हतं. त्यावर धूळ होती, काजळी होती, त्यावर पुन्हा धूळ. झाकणाच्या कडेवरून खालच्या पत्र्यापर्यंत तो थर सलग पसरला होता. कुठे चीर नाही, कुठे बोटाचा ठसा नाही.

केतकीला आयुष्यात कधी घाण इतकी सुंदर वाटली नव्हती.

"नावडतीचं मीठ अळणी म्हणतात ना," ती म्हणाली. "आण ती दुलई इकडे."

आवडतीची उष्णदुलई नावडतीवर आली. इंजिन उबेपर्यंत दोघींनी मागचं आसन काढून झोळी बांधली. केतकीने नळ्या बाहेरून चाचपल्या, सगळ्या सारख्याच मऊ. मग पंखा. फिरव, फिरव, फिरव. ढेकर येईना. ब्रिजिट ओठातल्या ओठात प्रार्थना म्हणू लागली आणि त्यातच थंडीला एक शिवी घातली.

गुडुक.

आणि नेमक्या त्या क्षणी केतकीचा हात झाकणावर गेला. तिने नेला नव्हता, तो आपला आपण गेला. आत द्रव पुरेसा असेल ना? दोन वर्षांत एखादी बारीक भेग पडून गेली असेल, बुजण्याआधी वाटीभर गळाला असेल, तर? एकदा बघितलं की कळेल. एकदाच. पण बघितलं की हवा जाणार, आणि वर उणे पस्तिसात, खिंडीत, ती साय सुटून कुठे अडकेल हे कोण सांगणार?

धुळीच्या एक बोट वर तिचा हात थांबला.

"पाहिलीस पातळी?" ब्रिजिटने आतून विचारलं.

"नाही," केतकी म्हणाली आणि हात खिशात घातला. "नाही बघणार. वर इंजिन बंद करू नकोस. निवलं तर परत तापवायला दुलई नाही तिथे. उतर, सरांना घे, नीघ."

नावडती चाकांऐवजी लावलेल्या घसरपट्ट्यांवर खडखडत गेली आणि बर्फाचा धुरळा उडवून वर उठली.

केतकी बिनतारी यंत्रापाशी बसली. आवडतीच्या बाबतीत तिला सगळं माहीत असायचं. नावडतीबद्दल काहीच माहीत नव्हतं, आणि माहीत नसण्यावरच एका माणसाचा जीव टांगला होता. एका कानाने ती मीनलचं ऐकत होती, "सर आता बोलत नाहीयेत, ताई," आणि दुसऱ्या कानाने ब्रिजिटचं.

"खिंड समोर आहे. थरथरतेय बया. तापकाटा चढतोय, केतके."

"किती?"

"पिवळ्याच्या तोंडाशी."

चढणीमुळे, की द्रव कमी म्हणून? इथे बसून सांगता येत नव्हतं. चढणीमुळे असेल तर काटा वळेल. द्रव कमी असेल तर वळणार नाही, आणि मग खिंडीत उतरायला जागा नाही.

"नाक जरा खाली घे. वेग वाढू दे, शीतकातून वारा जाऊ दे. आणि काट्यावर नजर ठेव."

"पिवळ्यात शिरला."

केतकीने डोळे मिटले. परत ये म्हणायला तोंड उघडलं. मीनलकडून काहीच आवाज येत नव्हता.

"थांबलाय," ब्रिजिट म्हणाली. मग थोड्या वेळाने, "वळतोय. केतके, मागे येतोय काटा."

वारा सुटायच्या जरासंच आधी नावडती परतली. सरांना झोळीतून काढून उपचारकक्षाकडे नेताना त्यांचे ओठ अजून निळसरच होते, पण पावलागणिक खालच्या जाड हवेचा एकेक घास ते घेत होते. विमानाशेजारून जाताना त्यांनी केतकीला खुणेने बोलावलं आणि प्राणवायूचा मुखवटा जरासा बाजूला केला.

"निघताना... पातळी तपासली होतीस ना?"

"नाही सर."

सरांनी भुवया आवळल्या. निष्काळजी विद्यार्थिनीकडे बघावं तसं बघितलं.

"बरे व्हा, मग ओरडा," केतकी म्हणाली. "आधी ओरडेन मी. नियमावलीतल्या एका ओळीबद्दल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फडकं घेऊन नावडतीपाशी गेली. पंख पुसले, काच पुसली, चेपलेलं पोट पुसलं, शेपूट पुसली. ब्रिजिट चहाचा पेला घेऊन बघत उभी राहिली.

"आता हीच आवडती वाटतं?"

"आहेच मुळी," केतकी म्हणाली आणि नाकाचा पत्रा पुसू लागली. झाकणापाशी आल्यावर तिचा हात थांबला. मग तिने झाकणाभोवती हळूच फडकं फिरवलं, रांगोळीला धक्का लागू नये तसं, आणि वरची धूळ होती तशीच राहू दिली.